काय दाखवू नये आणि काय दाखवावे

भारतात मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांत काय असू नये, हे नियमात लिहिलेले आहे. काय असलेच पाहिजे, हे लिहिलेले नाही. ‘केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४’ यातला सहावा नियम म्हणजे कार्यक्रमसंहिता. मुलांच्या कार्यक्रमांत वाईट भाषा आणि उघड हिंसाचाराची दृश्ये नकोत, आणि जास्तीत जास्त मुले टीव्हीसमोर असतात त्या वेळेत मुलांना अयोग्य असे काही दाखवू नये, एवढे ती सांगते. सातव्या नियमातली जाहिरातसंहिता मुलांच्या सुरक्षिततेला धोका पोचवणारी जाहिरात नको म्हणते. मुलांची वाहिनी चालवणाऱ्याने आठवड्यातून अमुक इतका वेळ मुलाला काही शिकवणारे दाखवावे आणि ते त्याला समजेल अशा भाषेत दाखवावे, असे कलम या नियमांत नाही.

हा विषय शहरातल्या चर्चासत्राचा वाटेल. मी तो वडीगोद्रीत बसून मांडतो आहे, त्याला कारण आहे. अंबड तालुक्यातले हे गाव धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथेच महामार्गाला मिळतो. दिवाळी सरली की या पट्ट्यातून कोयते बाहेर पडतात. एक कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारे एक जोडपे. काहींची मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात, काहींची आजीजवळ मागे राहतात. मागे राहिलेल्या मुलाच्या संध्याकाळचा मोठा भाग टीव्हीसमोर जातो, अलीकडे मोबाइलसमोर. आजी वाचून दाखवू शकत नाही, शाळा चारपाचला सुटलेली असते. त्या वेळेत त्या मुलाशी बोलणारे एकच कुणी उरते, आणि ते म्हणजे कार्टून. म्हणून कार्टूनने त्याच्याशी काय बोलावे आणि हे ठरवण्याची जबाबदारी कुणाची, या प्रश्नाचा इतिहास मी गेली काही वर्षे मिळेल तिथून जुळवतो आहे.

आपल्याकडे या इतिहासाची सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. मुलांचा टीव्ही म्हणजे शिक्षण, हेच आपल्या टीव्हीचे मूळ गृहीतक होते. दिल्लीत १९६१ साली शालेय दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा देशात करमणुकीचा नियमित टीव्ही असा नव्हताच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि तिथेही शाळांसाठीचे कार्यक्रम आले. ‘किलबिल’सारखा मुलांचा कार्यक्रम पाहिलेले वाचक आज साठीच्या आसपास असतील. पण हा सगळा मुंबई-पुण्याचा टीव्ही. मराठवाड्यात तेव्हा टीव्ही ही ऐकीव गोष्ट होती.

खेड्यातल्या मुलापर्यंत टीव्ही नेण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ‘साइट’, अर्थात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा दूरचित्रवाणी प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. विक्रम साराभाई यांनी पाहिलेले हे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर ‘इस्रो’च्या माणसांनी पुरे केले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी सगळ्या गावासाठी, अशी विभागणी होती. सहा राज्ये होती राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यांत नव्हता. कार्यक्रम हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत झाले. आमच्या मराठवाड्याच्या शिवेला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या खेड्यांत टीव्ही संच पोचले; शिवेच्या अलीकडे मराठीत काही आले नाही. एखाद्या भाषेतल्या मुलासाठी कार्यक्रम करण्याची जबाबदारी कुणावर तरी नेमून दिली, तरच ते कार्यक्रम होतात, हा या इतिहासातला पहिला धडा.

‘साइट’मधल्या मुलांच्या कार्यक्रमांशी एका मराठी बाईंचे नाव जोडलेले आहे, ते म्हणजे विजया मुळे. जन्म मुंबईचा, १९२१ चा. लग्नानंतर पाटणा, पुढे इंग्लंडमध्ये लीड्सला शिक्षण आणि नंतर दिल्लीत सरकारी नोकरी. भारतातल्या फिल्म सोसायटी चळवळीच्या त्या आद्य कार्यकर्त्यांपैकी एक. शासनाने त्यांच्याकडे ‘सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजी’ सोपवले आणि ‘साइट’साठी खेड्यातल्या मुलांचे कार्यक्रम बनवण्याचे काम दिले. त्याच्या आदल्या वर्षी, १९७४ साली, त्यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘एक अनेक और एकता’ हा छोटा ॲनिमेशनपट केला होता. दूरदर्शनवर तो वर्षानुवर्षे लागत राहिला. जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात, ही जुनी गोष्ट. चित्रांची बाजू भीमसेन यांची, संगीत वसंत देसाईंचे आणि आवाज लहानग्या साधना सरगमचा. चाळिशी-पन्नाशीतल्या कुणालाही त्यातली चिमणी विचारा, चेहऱ्यावर ओळख उमटते. सात मिनिटांच्या त्या चित्रपटाला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्टून आणि शिक्षण एकत्र नांदत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना एवढे एक उत्तर पुरे आहे.

महाराष्ट्राची पाळी ‘इन्सॅट’बरोबर आली. १९८३ च्या ऑगस्टअखेर ‘इन्सॅट-१ब’ अवकाशात गेला आणि शैक्षणिक दूरचित्रवाणीसाठी सहा राज्ये निवडली गेली. या वेळी यादीत महाराष्ट्र होता. प्रत्येक राज्यात एक राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था निघाली. आपली संस्था २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात स्थापन झाली. लोक तिला तिच्या गोड नावानेच ओळखतात, ‘बालचित्रवाणी’. सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी तिचा स्टुडिओ होता. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांच्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करायचे आणि दूरदर्शनने ते दाखवायचे, अशी रचना होती. बाहुल्या, गाणी, गोष्टी, विज्ञानाचे प्रयोग, चित्रांतून हलणारी अक्षरे असे सगळे त्यात होते. पुढच्या तीन दशकांत संस्थेने हजारो कार्यक्रम तयार केले.

यातली महत्त्वाची बाब पैशांची किंवा तंत्राची नाही. ‘मराठी मुलाला त्याच्या भाषेत, त्याच्या वयाला झेपेल असे काही रोज दाखवणे’ हे कुणाचे तरी नेमून दिलेले काम होते, ही ती बाब. त्या कामासाठी माणसे नेमलेली होती, त्यांना पगार होता, आणि ते झाले नाही तर विचारायला जागा होती.

व्यवस्थेला उणिवा होत्याच. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राथमिक शाळांना रंगीत टीव्ही देण्यासाठी केंद्राने ७५ टक्के खर्च उचलला आणि उरलेला राज्याने करायचा होता. संच आले. पण आमच्या भागातल्या निवृत्त गुरुजींशी बोललो तेव्हा बहुतेकांच्या आठवणीत संच आहे तो कुलूपबंद कपाटातला. गावात वीज कधी असे, कधी नसे; अँटेना वाऱ्याने फिरे; संच बिघडला तर तो तालुक्याला कुणी न्यायचा आणि पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, हे ठरलेले नसे. चोरीला गेला तर मुख्याध्यापकाच्या माथी, म्हणून तो जपून ठेवणे हेच शहाणपण. कार्यक्रम पुण्यात बनत होता, आकाशातून येतही होता, पण शेवटचे शंभर पावलांचे अंतर कुणाच्या नावावर नव्हते. त्यामुळे बालचित्रवाणी पाहिलेली अनेक मुले तिला शाळेमुळे ओळखत नाहीत, शेजाऱ्याच्या घरातल्या टीव्हीमुळे ओळखतात.

त्याच काळात दूरदर्शनवर दुसरी एक दुनिया आली. ‘ही-मॅन’ हिंदीतून बोलू लागला. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी ‘डकटेल्स’, ‘टेलस्पिन’ आणि ‘जंगल बुक’ यांनी गल्ल्या ओस पाडल्या. ‘जंगल बुक’ची गंमत पाहा. गोष्ट आपल्या विदर्भाच्या उत्तरेला लागून असलेल्या शिवनीच्या रानातली, लिहिली इंग्रजांच्या लेखकाने, चित्रे काढली जपानी स्टुडिओने आणि आमच्या गावातल्या पोरांनी ती पाहिली हिंदीत. मोगली आमचा झाला, यात वाईट काही नाही. पण बालचित्रवाणीच्या बाहुलीला त्याच्यासमोर उभे राहायचे होते, आणि दोघांच्या खिशातल्या पैशांची बरोबरी नव्हती. पुढे केबल आली, चोवीस तास कार्टूनच्या वाहिन्या आल्या. १९९४ चे नियम याच काळातले. वाहिन्यांना काय करू नका ते सांगितले गेले. काय करा ते सांगण्याची गरज सरकारला भासली नसावी, कारण ‘करण्याचे’ काम सरकारी संस्था करतच होती.

दुसऱ्या देशांनी हे कसे सोडवले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत टीव्ही पहिल्यापासून खासगी. तिथे १९६८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरन या गृहिणीने आणि तिच्या मैत्रिणींनी मुलांच्या टीव्हीसाठी एक संघटना काढली. पुढे १९८४ मध्ये तिथल्या नियामकाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची बंधने सैल केली. खेळण्यांच्या कंपन्यांनी खेळण्यांवरूनच कार्टून काढायला सुरुवात केली होतीच. ‘ही-मॅन’ त्यांपैकीच एक. आमच्याकडे जो नवलाईचा पाहुणा म्हणून आला, तो तिथल्या आयांच्या तक्रारीचा विषय होता. या झगड्यातून १९९० साली ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन ॲक्ट’ झाला. मुलांच्या कार्यक्रमात तासाला जाहिराती किती, याला मर्यादा आली: सुटीच्या दिवशी साडेदहा मिनिटे, इतर दिवशी १२ मिनिटे. शिवाय प्रत्येक केंद्राने मुलांच्या शैक्षणिक गरजा भागवणारे काही दाखवावे आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ते दाखवून द्यावे, असे बंधन आले.

किती दाखवावे आणि शैक्षणिक म्हणजे काय, हे मात्र कायद्याने मोघम ठेवले. परिणाम दोन वर्षांत दिसला. १९९२ साली केंद्रांनी दिलेली कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा काही केंद्रांनी आपली नेहमीचीच कार्टून शैक्षणिक म्हणून नोंदवलेली आढळली. उडत्या मोटारीतून फिरणाऱ्या कुटुंबाचे ‘द जेट्सन्स’ हे मुलांना एकविसाव्या शतकातल्या जीवनाची ओळख करून देते, असे एकाचे म्हणणे होते. ‘जी. आय. जो’ या लढाईच्या कार्टूनलाही असाच शैक्षणिक हेतू चिकटवला होता. आपलाच पेपर आपणच तपासायचा म्हटल्यावर नापास कोण होणार?

१९९६ मध्ये नियामकाने मोघमपणा काढला. आठवड्याला तीन तास, सकाळी सात ते रात्री दहा या वेळेत, ठरलेल्या दिवशी, किमान अर्ध्या तासाचा, शिक्षण हाच प्रमुख हेतू असलेला कार्यक्रम, आणि पडद्यावर तशी खूण. यातून चांगले कार्यक्रम निघाले तसे रडतखडत उरकलेलेही निघाले. शनिवारी सकाळी कार्टून दाखवण्याची तिथली जुनी पद्धत केबलच्या स्पर्धेत हळूहळू मोडत गेली आणि मोठ्या प्रसारण जाळ्यांवरून २०१४ मध्ये संपली. २०१९ मध्ये नियम पुन्हा सैल झाले; आठवड्याचे तीन तास हा हिशेब वर्षाचे १५६ तास असा झाला. तिथला अनुभव सरळ आहे. बंधन मोघम असेल तर त्याचे हसे होते, मोजता येईल असे असेल तर काही तरी पदरात पडते, आणि त्यामागचा रेटा ओसरला की तेही सैलावते.

कायद्याच्या बंधनाशिवायही चांगले काम होते, याचे उदाहरण आपल्याच उपखंडात आहे. ‘युनिसेफ’ने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आशियातल्या मुलींसाठी ‘मीना’ हे पात्र उभे केले. ते घडवण्यात भारतीय ॲनिमेशनचे एक जनक राम मोहन यांचा मोठा वाटा होता. पहिल्या गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत. तिचा पोपट मिठू शाळेत जाऊन शिकतो आणि घरी येऊन तिला शिकवतो. मीना कोंबड्या मोजू लागते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. वडिलांना शाळेचे महत्त्व पटते ते या हिशेबामुळे. कुणाचे भाषण त्यांना ऐकवावे लागत नाही. आपल्या राज्यातल्या शाळांतून पुढे ‘मीना-राजू मंच’ चालले, त्यांचे नाव इथूनच आले. ही मीना बनली कारण एका संस्थेने ते आपले काम मानले. कुठल्याही वाहिनीला ते करावे लागले नव्हते, म्हणून वाहिन्यांवर ती पाहुणीच राहिली.

बालचित्रवाणीचे पुढे काय झाले, ते पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या वाचकांना ठाऊक आहे. केंद्राचे अनुदान थांबले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने संस्था बंद करण्याचा निर्णय घेतला. काळ बदलला, आता इंटरनेट आहे, ई-साहित्य आहे, असे तेव्हा म्हटले गेले. त्यात तथ्य होते. स्टुडिओ जुना झाला होता, तंत्र बदलले होते. पण संस्थेबरोबर ते नेमून दिलेले कामही संपले, याची चर्चा मला त्या वेळच्या बातम्यांत फारशी दिसली नाही. इमारतीचे काय, कर्मचाऱ्यांचे काय, जागेचे काय, हे सर्वांनी विचारले. पाच ते आठ वयाच्या मराठी मुलाला रोज काही दाखवण्याचे काम आता कुणाकडे गेले, हे विचारायला हवे होते.

त्याचे उत्तर तीन वर्षांनी करोनाने मागितले. शाळा बंद पडल्या आणि खेड्यातल्या मुलाकडे पोचायला टीव्हीइतके सोपे साधन नव्हते. केंद्राने ‘पीएम ई-विद्या’अंतर्गत ‘एक वर्ग, एक वाहिनी’ अशा १२ वाहिन्यांची योजना आणली. मराठीत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘एमकेसीएल नॉलेज फाउंडेशन’ने ‘टिलीमिली’ ही मालिका केली आणि जुलै २०२० पासून ती ‘सह्याद्री’वरून दाखवली गेली. घरातल्या वस्तू आणि घरातली माणसे यांच्याबरोबर करून पाहण्याचे खेळ, असा तिचा बाज होता. मराठीत असे काम करणारी माणसे आहेत आणि ती काही महिन्यांत आठ इयत्तांसाठी मालिका उभी करू शकतात, हे तिने दाखवून दिले. पण मालिका संकटातून जन्मली होती. एखाद्याला सुचले, त्याने उचलून धरले, म्हणून ती झाली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने उपग्रह वाहिन्यांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा ‘काय दाखवावे’ हे प्रथमच खासगी वाहिन्यांच्या बाबतीत लिहिले गेले. दररोज ३० मिनिटे लोकसेवेचे प्रसारण करावे, असे त्यात म्हटले आहे. आठ विषय दिले आहेत. शिक्षण आणि साक्षरतेचा प्रसार हा त्यांतला पहिला, पुढे शेती आणि ग्रामविकास, आरोग्य, विज्ञान, स्त्रिया, दुर्बल घटक, पर्यावरण व वारसा, राष्ट्रीय एकात्मता. परदेशी वाहिन्यांना यातून वगळले आहे. पाऊल चांगले आहे. पण वाहिनी मुलांची असो की बातम्यांची, माप एकच. मुलाचे वय, त्याची भाषा, तो टीव्हीसमोर असतो ती वेळ, यांचा त्या आठ विषयांत उल्लेख नाही. आणि पालनाचा अहवाल वाहिनीनेच द्यायचा आहे. अमेरिकेतल्या १९९२ च्या कागदपत्रांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. मूल दिवसभर शाळेत शिकते, संध्याकाळी त्याला हसू द्या. कार्टूनलाही पाठ्यपुस्तक करू नका. मला तो मान्य आहे. मुलाची करमणूक हिरावून घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. दिवसातल्या कित्येक तासांपैकी अर्ध्या तासाबद्दल मी बोलतो आहे. शिवाय चांगले काय असते, ते चिमणीने आणि मीनाने दाखवलेले आहे. त्या दोघींनी मुलांना कंटाळा आणला नाही.

दुसरा आक्षेप म्हणतो, आता टीव्ही पाहतो कोण? आमच्या गावातही पोरांच्या हातात मोबाइल आला आहे, आणि तिथे १९९४ ची संहिता लागू होत नाही. पण म्हणूनच टीव्हीपुरता तरी हा प्रश्न सोडवून पाहिला पाहिजे. ज्या माध्यमाला परवाना लागतो, ज्याचा मालक ठाऊक आहे, तिथे जे जमले नाही, ते मोबाइलवर कसे जमणार?

भाषेचा मुद्दा राहतो. वडीगोद्रीतली सहासात वर्षांची मुले भांडताना ‘बचाओ’ आणि ‘छोड दे’ म्हणतात, ते कार्टूनमधून आलेले आहे. हिंदी येते याचा आनंदच आहे. काही कार्टून मराठीत डबही होतात. पण आवाज मराठीत भरणे वेगळे आणि मराठी मुलासाठी रचणे वेगळे. कपाशीची वेचणी, गोदावरीच्या काठची वाळू, कोयत्याबरोबर फडावर गेलेली बहीण, फेब्रुवारीत शाळेतून निम्म्याने कमी झालेला पट, हे ज्या मुलाचे जग आहे, त्याने स्वतःला पडद्यावर कधी पाहिलेले नाही. बालचित्रवाणीने निदान ते पाहावे, अशी सोय ठेवली होती.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. मुलांच्या वाहिन्यांसाठी त्या ३० मिनिटांचे वेगळे कलम लिहावे: मुलाचे वय, भाषा आणि संध्याकाळची वेळ नमूद करून. ते पाळले की नाही, हे वाहिनीने न सांगता शिक्षक आणि पालक ज्यात असतील अशा मंडळाने तपासावे. आणि बालचित्रवाणीचा तीन दशकांचा साठा जतन करून शाळांना आणि घरांना मोकळा करावा. तो लोकांच्या पैशातून झालेला आहे. पहिल्या दोन गोष्टींना दिल्लीची सही लागेल. तिसरी मुंबईतल्या मंत्रालयातून होण्यासारखी आहे.

मीनाला चोर सापडला, कारण ती रोज कोंबड्या मोजत होती. आपल्या मुलांच्या वाट्याला त्यांच्या भाषेतली किती मिनिटे येतात, हे मोजण्याचे काम आजही कुणाकडे नेमून दिलेले नाही.